उजवीकडचं पहिलं रीळ

चादर पांढरी झाली तरी हे बघतच राहिले. आधी मलाही वाटलं की हे चित्रातलंच असेल, कारण त्या जपानी माणसाच्या सिनेमात असं होत असतं. माणसं उठून जातात आणि रिकामी खोली तशीच समोर राहते, आपण आपले चटयांच्या कडा बघत बसायचं. पण ही चादर नुसती चादर होती. वाचनालयाची, मधोमध जोड दिलेली. जोडाचे टाकेसुद्धा दिसत होते. फिल्म तुटली होती. मागं सादिकभाई मशीनशी खुडबुड करत होते. लोक अजून चुळबुळायला लागले नव्हते, आणि तेवढ्यात हे माझ्याकडं किंचित झुकून हळूच म्हणाले, "बघ, किती वेळ झाला, ती जागची हललेली नाही."

मी "हं" म्हटलं.

एवढंच. पण तो हुंकार बाहेर पडला आणि गळ्यातल्या इष्टलिंगावर जाऊन बसल्यासारखा झाला. दीक्षा घेतली तेव्हा स्वामींनी सांगितलं होतं, अंगावर देव आहे, त्याच्या देखत खोटं बोलायचं नाही. मी नेम धरला. कुणी विचारलं, भाजीत मीठ बरं आहे का, तरी चाखल्याशिवाय होय म्हणत नाही. आता 'हं' हे खोटं का खरं? होय तर मी म्हणाले नव्हते. नाहीही म्हणाले नव्हते. मागून ओरडा झाला, "सादिकभाई, झोपलात का?" आणि सादिकभाई म्हणाले, "दोन मिन्टं साहेब, तुकडा जोडतो." हे ताठ झाले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. "हां, तुटली वाटतं," असं शेजारच्या सरांना म्हणाले, जसं काही त्यांनाही आत्ताच दिसलं. मग चित्र सुरू झालं ते मी पाहिलं नाही. मी यांच्या चष्म्याकडं पाहत होते. काचांवर ती बाई बारीक होऊन हलत होती. वाकत होती, उठत होती, दार सरकवत होती. सगळं काचेवर होतं. आत काही जात नव्हतं.

हे हायस्कुलात इंग्रजी शिकवतात. शिकले उर्दूत, हैदराबादेला. निजाम गेला, राज्य मोडलं, मग मराठीतून शिकवायला शिकले. पुण्याला मास्तरांचं कसलंसं शिबिर होतं, तिथं यांनी या जपानी माणसाचा एक सिनेमा पाहिला आणि धाराशिवला परत आले ते वेगळेच होऊन आले. चार महिने मुंबईला कागद लिहीत होते. शेवटी पत्र्याचे डबे एसटीच्या टपावरून येऊ लागले. महिन्याकाठी एक सिनेमा, रविवारी दुपारी, वाचनालयाच्या हॉलमध्ये, खिडक्यांना घोंगड्या लावून. कारण संध्याकाळी गावात दिवे लागले की वीज एवढी मंदावते की सादिकभाईंचं मशीन कण्हायला लागतं. त्या दिग्दर्शकाचं नाव हिरात्सुका. सादिकभाई पूर्वी उरुसात तंबूतले सिनेमे चालवायचे, त्यांच्या जिभेला ते नाव काही वळलं नाही. ते म्हणतात हिरालाल. "सर, तुमचा हिरालाल लई संथ हाय. एक चहा प्यायला पाव रीळ खातो."

यांनी एकच अट घातली होती. सहाही सिनेमे क्रमानं. पहिला सिनेमा आधी, शेवटचा शेवटी; मधला चांगला आहे म्हणून आधी आणायचा नाही. डब्यांवर साल होतं, चोवीस, सत्तावीस, असं. म्हटलं हे कसलं साल? तर त्यांचा राजा गादीवर बसल्यापासूनची वर्षं मोजतात म्हणे. आपल्याकडं निजामाच्या वेळी फसली साल होतं तसं. मला बरं वाटलं. माझा जन्मसुद्धा फसलीतला, इंग्रजी साल मला कुणी नीट सांगितलेलं नाही. आणि क्रमाचं तर मला समजावावं लागलंच नाही. नेमाचं तसंच असतं. पहिला सोमवार टाकून दुसरा धरता येत नाही.

मी त्याआधी सिनेमा पाहिलेला नव्हता. नको म्हणून नव्हे. पूजा, स्वयंपाक, उपास यांत ती जागाच नव्हती. पण हे म्हणाले, तू ये, आणि माझ्याशेजारी बस. बाकीच्या बायका भिंतीकडच्या सतरंजीवर. शेजारच्या म्हाळसाबाई घरी येऊन हसल्या, "काय बाई थाट, राजाराणी शेजारी शेजारी!" मला लाज वाटली होती, आणि खरं सांगायचं तर आत कुठंतरी गोडही वाटलं होतं. आता त्या रविवारी, तिसऱ्या सिनेमात, यांच्या चष्म्याकडं पाहताना ते गोड वाटणं एका बाजूनं उसवत गेलं. शेजारी का बसवलं होतं? पहिल्या सिनेमातसुद्धा हे मधेच विचारायचे, "तुला काय वाटतं, ती का थांबली?" मला वाटायचं माझी परीक्षा घेतात, मास्तर माणूस. मग एकेक आठवायला लागलं. पेपर वाचायचा बंद झाला, डोकं दुखतं म्हणून. वर्गात हल्ली धडा मुलांकडून वाचून घेतात, उच्चार सुधारावेत म्हणून. रस्त्यात कुणी भेटलं की हे आधी बोलत नाहीत, समोरच्यानं तोंड उघडायची वाट बघतात, आणि मग एकदम मोठ्यानं, "अरे महांतप्पा, केव्हा आलात!" ताटात चटणी नेहमी एकाच जागी वाढ म्हणाले होते, शिस्त असावी. शिस्त! मी रोज शिस्तीनं डाव्या हाताला चटणी वाढत होते आणि मला काही दिसत नव्हतं. त्या हॉलमध्ये आंधळं कोण होतं हे मला त्या दुपारी नीट सांगता आलं नसतं.

पण मी सिनेमात रमले होते हेही खरं. मला त्या माणसाचं कुतूहल लागलं होतं. तो बघतो कुठून? माझ्या दुसऱ्याच सिनेमात ध्यानात आलं की चित्राच्या एका कडेला नेहमी चौकट असते. पुरुष बैठकीत बोलत असतात, चहा होतो, कुणाचं तरी लग्न ठरतं, कुणाला तरी नोकरीवरून काढतात, आणि आपण ते सगळं आतल्या दारातून बघत असतो. अर्धा माणूस दिसतो. कधी नुसता गुडघा. ईटला, माहेरी, माझं लग्न ठरलं तेव्हा मी माजघराच्या दाराआड उभी होते. आप्पा, माझे वडील, गुरुसिद्धप्पांशी बोलत होते, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी. आणि मला दिसत होता एक हात, मांडीवर टोपी धरलेला. टोपी फिरवत होता. तो हात यांचा होता. बोलणं चाललं होतं बैलांचं आणि मी ठरवून टाकलं की टोपी अशी फिरवणारा माणूस मारणार नाही. नाही मारलं कधी. पुढं पोलीस ॲक्शनच्या दिवसांत परंड्याला नणंदेकडं होतो, तेव्हाही आम्ही बायका आतल्या फटीतूनच बाहेरचं बघत होतो, धूळ कुणाची येते ते. अख्खं कधी काही पाहिलं नाही. आणि हा इतक्या लांबचा पुरुष, त्याला कुणी सांगितलं आतल्या दारात उभं राहायला? त्याच्या आईनं की बायकोनं? यांना विचारावंसं वाटे. पण हे आपल्याला ठाऊक नाही असं म्हणाले असते, आणि बाकीच्या सरांसमोर मी तोंड कशी उघडणार.

सगळ्या सिनेमांत बाई तीच असते. नाव वेगळं, घर वेगळं, पण चेहरा तोच. पहिल्यात ती नवी नवरी, कान झाकतील असे केस. तिसऱ्यात हनुवटीखाली कातडी किंचित सैल. क्रमानं बघायचं ते बहुतेक यासाठीच, मला वाटे. एका बाईवर काळ कसा बसतो ते बघायचं, आरशात रोज बघून कळत नाही ते. आणि हे आता तिला बघत नव्हते. यांच्याजवळ ती कुठल्या वयाला थांबली होती?

दुसऱ्या दिवशी सोमवार. विचारायचं का? हा एवढा अभिमानी माणूस. आपल्याला दिसत नाही हे त्यानं बायकोपासून लपवलंय, तर त्याला लपवण्याची गरज असणार. आणि तरी सगळे सिनेमे क्रमानं पाहायचेत ही त्याची एकच हौस, ती काचेवरून घसरून चालली होती. सांगायचं कसं, आणि त्याला सांगितलंय असं वाटू द्यायचं नाही कसं? लिंग तळहातावर घेतलं, विभूती लावली, पाणी घातलं. मग मला म्हाळसाबाईंची कहाणी आठवली. त्यांच्यात रविवारची, शुक्रवारची कहाणी सांगतात. आमच्यात नाही, पण ऐकायला मी कित्येकदा गेले आहे. सांगणारीला ऐकणारं कुणीतरी लागतंच. ऐकणारानं पोटात काही घ्यायचं नाही, मुठीत तांदूळ धरायचे आणि हं हं म्हणत राहायचं. हुंकार थांबला की कहाणी थांबली. मी तिथंच नेम घेतला: सहाही सिनेमे संपेपर्यंत जे पाहिलं ते दुसऱ्या दिवशी सांगेन, पाहिलं तेवढंच सांगेन. आधी नेम घेतला, मग उठले. म्हणजे पुढचं काही खोटं होणार नव्हतं.

"अहो, हातात एवढे तांदूळ धरा."

"कशाला?"

"नेम घेतलाय. काल पाहिलं ते कहाणीसारखं सांगायचं. ऐकणारा उपाशी लागतो."

"म्हाळसाबाईंना बोलव की."

"त्या मघाच दशमी खाऊन मोकळ्या झाल्या."

हे हसले. "सिनेमाची कहाणी! आणि मीही होतोच की तिथं."

"कहाणी ऐकणाऱ्याला ठाऊकच असते. तरी ऐकतात."

यांनी हात पुढं केला, पण जरा बाजूला. मी तो हात धरून तांदूळ घातले आणि मूठ मिटवली. मग सांगायला लागले. आटपाट नगर नाही म्हटलं. म्हटलं, एक गल्ली आहे, तिला उतार आहे, उतारावरून एक बाई येते, तिच्या हातात कापडात बांधलेला डबा आहे. हे हं म्हणाले. गाठ कशी मारली होती ते सांगितलं. जेवताना तिनं स्वतःच्या वाटीत शेवटी कमी घेतलं ते सांगितलं. "कुणाला दिसलं ते?" यांनी विचारलं. "कुणालाच न्हाय. मला दिसलं." "हं." मग म्हणाले, "आणि खाली काय लिहून येत होतं?"

"खाली पांढऱ्या मुंग्या चालत होत्या. मला इंग्रजी कुठं येतं."

हे पुष्कळ हसले. खालची अक्षरं वाचता येणाऱ्याला ती दिसत नव्हती, आणि दिसत होती तिला वाचता येत नव्हती. मधे जो सिनेमा उरला तो आमचा. हे आवाजावरून सांगत, त्या वेळी म्हातारा रागावलेला नव्हता, लाजलेला होता. आणि मी म्हणे, बरोबर, तेव्हा तो पायाच्या बोटाकडं बघत होता. असे आम्ही दोघं मिळून एकेक खोली लावत गेलो. चौथा सिनेमाही असाच झाला. मला वाटतं, लग्नानंतर इतकं आम्ही कधी बोललो नव्हतो. एकदा म्हाळसाबाई मधेच आल्या, यांची मिटलेली मूठ बघून दारातच थबकल्या. "अगं बाई, मालकांना कसलं व्रत लावलंस?" हे म्हणाले, "जपानचं आहे, म्हाळसाबाई. उद्यापनाला मासे लागतात." त्या शिव शिव करत गेल्या आणि आठवडाभर माझ्या हातचं पाणी प्यायच्या आधी विचार करत होत्या.

पाचव्या सिनेमाचे तीन डबे होते. झाकणांत आकडे ठोकलेले असतात, ते बोटांना लागतात. हे नेहमी डबे बाकावर ओळीनं मांडून एकेक सादिकभाईंच्या हातात द्यायचे. त्या दिवशी मांडले आणि हेडमास्तरांनी पुढं बोलावलं म्हणून येऊन बसले. सिनेमा सुरू झाला तो एकदम. नावं नाहीत, काही नाहीत. खोलीत त्या बाईचा फोटो, पुढं उदबत्ती, भाताची लहानशी वाटी. नवरा एकटा जेवत होता. मेली? सुरुवातीलाच? नवऱ्यानं तिचं पांघरूण उन्हात टाकलं, संध्याकाळी घडी करून परत ठेवलं. मग मोठं वाजवणं झालं, घरासारखं दिसणारं एकच अक्षर आलं, काही माणसं उठून गेली. सादिकभाईंनी दुसरं रीळ लावलं, आणि ती अंथरुणात होती. आजारी, पण होती! ती नवऱ्याला खुणेनं सांगत होती, भांडं तिकडं नको, इकडं. तिसऱ्यात आधी जपानी अक्षरांच्या ओळी खूप वेळ चालल्या, आणि मग ती अंगणात उभी, हातभर मुळे दोरीवर वाळत घालते आहे, हसते आहे, नवऱ्याच्या डोक्यावर मुळ्याचा पाला ठेवते आहे. आणि संपलं; मशीन थांबलं. मागं एक सर दुसऱ्याला म्हणाले, "नवं तंत्र आहे." मला तंत्र कळत नाही. मला एवढंच कळलं की हा माणूस आता म्हातारा झालाय, आणि म्हाताऱ्याला आता मेलेलं माणूस उठवता येऊ लागलं आहे. आमच्या कहाण्यांत असंच असतं. गेलेलं परत येतं, मग सुफळ संपूर्ण.

सोमवारी मी सांगितलं ते माझाच आवाज मला ऐकू येईल इतक्या आनंदानं. फोटो, उदबत्ती. "हं." पांघरूण. "हं." मग अंथरुणात ती. हे जरा थांबून "हं" म्हणाले. मग दोरी, मुळे. हुंकार आला नाही. मी थांबले, नेम तसाच आहे. यांची मूठ सैल झाली, तांदूळ धोतरावर सांडले.

"रिळं उलटी लागली," हे म्हणाले. "मी डावीकडून मांडली. सादिकनं उजवीकडून उचलली. त्याची लिपीच तिकडून चालते. आणि मी, आख्खं शिक्षण उर्दूत केलेला माणूस!" मोठ्यानं हसायला लागले. मीही हसले. मग यांचं हसणं एकाएकी थांबलं. बाहेर कुणीतरी शेळीला हाकलत होतं.

"मला तिथंच कळायला पाहिजे होतं," हे म्हणाले.

मी तांदूळ वेचायला लागले.

"तुला केव्हापासून ठाऊक आहे?"

"फिल्म तुटली होती ना. तेव्हापासून."

"सोलापूरच्या डॉक्टरांनी मागच्या दिवाळीतच सांगितलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकेल तेवढी." बोलताना टोपी नव्हती तरी हात मांडीवर फिरत होता. "म्हणजे तुझा नेम हा बहाणाच."

"न्हाय. आधी घेतला, मग तुम्हांला सांगितला."

"हं," हे म्हणाले. मग, "ती खरंच हसत होती शेवटी?"

"शेवटी न्हाय, आधी. तुम्हीच म्हणालात ना."

"तू पाहिलंस तेव्हा शेवटीच ना."

डबे सकाळच्या गाडीनं गेले होते. सरळ क्रमानं तो सिनेमा मी कधी पाहिला नाही. मनातल्या मनात सरळ करून बघते, पण ती काही मरायला तयार होत नाही.

त्यानंतर यांनी बोलणं कमी केलं. सहाव्याचे, शेवटचे डबे आले, ते यांनी सोप्यातच ठेवले. म्हणाले, तू जा, मी येत नाही. आतापर्यंत बघतोय असं दाखवायला जात होतो, आता ते तरी कुणाला दाखवायचं? हेडमास्तरांना आज ना उद्या सांगावंच लागणार आहे. पण त्या हॉलमध्ये, चाळीस जणांच्या नजरेत, डोळे नसलेला सिनेमावाला म्हणून बसायचं, ते आपल्याच्यानं व्हायचं नाही. मी वाद घालत नाही, माझ्या आवाजाला वाद झेपत नाही. पूजा झाली, मी डब्यांशी जाऊन बसले. म्हटलं, "माझा नेम सहाचा हाय. पाचावर मोडला तर दोष मला लागंल. तुम्ही ऐकणारे. ऐकणारा उठून गेला तर सांगणारीनं काय करायचं?" दुपारी यांनी धुतलेला सदरा मागितला.

हॉलच्या दारात सादिकभाईंनी यांचा हात धरला. "सर, मागच्या खेपेला लई चूक झाली. काय करू, हात उजवीकडंच जातो."

"चूक माझी. आज तू सांग, मी ऐकतो, कुठून उचलतोस?"

"बिस्मिल्ला करून डावीकडून, सर."

घोंगड्या पडल्या, अंधार झाला. मशीनचा आवाज सुरू झाला आणि सगळ्या हॉलमधून एक दबका उद्गार निघाला. समोर रंग होते. आतापर्यंतचं सगळं काळंपांढरं होतं, माझ्या लक्षातही आलं नव्हतं की ते काळंपांढरं आहे. यांनी मान वळवली. लोक का उसासले ते यांना कळेना. मी वाट पाहिली की हे झुकतील आणि कानाशी विचारतील, नेहमीसारखं. हे झुकले नाहीत. ताठ बसले, चष्मा काढून खिशात ठेवला, आणि वर्गात विचारतात त्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "इरम्मा, काय दिसतंय? मला दिसत नाही."

पुढच्या रांगेतल्या माना वळल्या. हेडमास्तर वळले. यांनी चारचौघांत माझं नाव घेतलं नव्हतं कधी. आणि मी परपुरुषांच्या देखत आवाज काढला नव्हता. समोर काही फार नव्हतं. कथा सुरूसुद्धा झाली नव्हती. मी लिंगावर हात ठेवला.

"रंगीत हाय," मी म्हटलं. "स्वयंपाकघर. अजून कुणी आलेलं न्हाय. सुपात वांगी हायत."

"कसली?"

"जांभळी. आपल्यासारखीच. देठ हिरवे."

"हं," हे म्हणाले.

चौकटीतून ती आली. केस पांढरे झाले होते. मी ते सांगणार तेवढ्यात भिंतीकडच्या सतरंजीवरून म्हाळसाबाईंचा आवाज आला, "मोठ्यानं सांग की गं! आम्हांला तरी कुठं इंग्रजी येतंय." आणि मागून आणखी कुणीतरी, पुरुषाचा आवाज, "व्हय बाई, जरा मोठ्यानं. इकडं येत न्हाय ऐकू."

मी उठून उभी राहिले, म्हणजे आवाज लांब जाईल.